दर्शनवाचक लॅटिन शब्द

लॅटिनमध्ये ‘विदेरे’ म्हणजे पाहणे, ‘स्पेकेरे’ म्हणजे न्याहाळणे, ‘आपारेरे’ म्हणजे दृष्टीस पडणे. पहिल्याने इंग्रजीला व्हिजन, एव्हिडन्स दिले. ‘व्हिडिओ’ तर सरळ ‘मी पाहतो’. ‘विदेरे’ची चुलत बहीण आपल्याच घरात आहे: विद्या. तिसऱ्यातून अपिअर आला.

सर्वांत लेकुरवाळा मात्र ‘स्पेकेरे’. स्पेसिमेन, स्पेक्ट्रम आणि जीवशास्त्रातली ‘स्पीशीज’ म्हणजे जात, मुळात नुसते ‘रूप’. मराठी ‘स्पष्ट’ही याच कुळातला.

रूपावरून जात ठरवण्यातली मेख जबलपूरच्या डायनासोरच्या हाडांनी दाखवली. १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमनला तिथे शेपटीचे मणके सापडले. १८७७ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ लिडेकरने त्या प्राण्याचे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे बारसे केले. पुढे मणक्यांचे रूप वेगळे ओळखू येण्याजोगे नाही, म्हणून ही जातच संशयास्पद ठरली. त्या मणक्यांतला हरवलेला नमुना २०१२ मध्ये कोलकात्यात पुन्हा दिसला.