दप्तरदार खुर्ची सोडून गेला तर?

रहिमतपूरच्या एखाद्या शेतकऱ्याने जमीन विकली, की फेरफार नोंदला जातो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारावरचे नाव बदलते. पूर्वी हे सारे वह्यांत होई, आता संगणकातल्या डेटाबेसमध्ये होते. डेटाबेस म्हणजे नुसती वही नव्हे. तो नियमाने वागणारा दप्तरदार आहे. या दप्तरदाराने खुर्ची सोडून बाहेरची कामे करावीत का?

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली. पुढे १९८७ च्या सुमारास सायबेस कंपनीने लहान आज्ञावल्या डेटाबेसच्या आतच साठवण्याची सोय दिली. नोंद बदलली की त्या आपोआपही चालत. मग ओघानेच इच्छा झाली, की नोंद बदलताच पत्रही जावे, कागदही छापला जावा. सायबेसच्याच वंशातील मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एक्सपी सीएमडीशेल’ ही सोय होती. तिला कोणतीही आज्ञा द्यावी, ती संगणकावर चालवली जाई.

यात दोन अडचणी होत्या. पहिली अधिकाराची. बाहेरचा प्रोग्राम दप्तरदाराच्या अधिकाराने चालतो. म्हणजे दप्तरदाराला फितवले की सारे कार्यालय हाती आले. मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाच्या संगणक-किड्याने नेमके हेच केले. मुख्य खात्याचा पासवर्ड कोरा ठेवलेल्या सर्व्हरमध्ये तो शिरे आणि याच सोयीने यंत्र ताब्यात घेई. २००५ च्या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद ठेवण्यात आली.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. डेटाबेसमधला व्यवहार पूर्ण तरी होतो, नाही तर मुळीच होत नाही. समजा, फेरफार लिहिता लिहिता बँकेला पत्र गेले आणि तेवढ्यात वीज गेली. डेटाबेस अर्धवट नोंद पुसून टाकील. पण गेलेले पत्र कसे परत आणणार? दप्तरात जमीन जुन्या मालकाची, आणि बँक मात्र नव्या मालकाला कर्ज देऊन मोकळी!

यावर उपाय निघत गेले. ओरॅकलने १९९७ च्या आठव्या आवृत्तीत बाहेरची आज्ञावली वेगळ्या प्रक्रियेत चालवली. ती कोसळली तरी डेटाबेस शाबूत राही. पोस्टग्रेस हा डेटाबेस संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यातून सुरूच होत नाही. त्याने आतल्या भाषांची ‘विश्वासू’ आणि ‘अविश्वासू’ अशी विभागणी केली. पायथन दुसऱ्या गटात आहे, म्हणून तिच्यात आज्ञावली लिहिण्याची मुभा फक्त मुख्य प्रशासकाला. २०१३ मध्ये त्यात बाहेरचा प्रोग्राम चालवण्याची सोय आली, आणि २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र परवानगी.

दुसऱ्या अडचणीवरचा उपाय मात्र शिक्षकांच्या रोजच्या परिचयाचा आहे: जावक रजिस्टर! मुख्याध्यापक पत्र घेऊन स्वतः टपालात धावत नाहीत. पत्राची जावक नोंद होते आणि शिपाई ते पोहोचवतो. तसेच फेरफार आणि ‘बँकेला पत्र पाठवणे आहे’ ही नोंद, दोन्ही एकाच व्यवहारात लिहायची. वीज गेली तर दोन्ही पुसल्या जातील. टिकल्या तर दोन्ही टिकतील. बाहेरचा एक प्रोग्राम ती यादी वाचून कामे उरकतो. पोस्टग्रेस त्याच्यासाठी घंटाही वाजवते, पण व्यवहार पूर्ण झाल्यावरच. घंटा ऐकू आली नाही तरी यादी असतेच.

एक अडचण तरीही उरते. पत्र दिल्यावर, पण खूण करण्याआधीच शिपाई आजारी पडला, तर दुसरा शिपाई तेच पत्र पुन्हा नेईल. म्हणून प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक हवा, म्हणजे घेणाऱ्याला दुसरी प्रत ओळखता येते.

वर्गात आपण हा खेळ जरूर खेळून पाहावा. एक विद्यार्थी दप्तरदार, एक शिपाई, एक बँक. आणि ‘वीज गेली’ असे मध्येच ओरडणारा एक खोडकर. रजिस्टर ठेवून आणि न ठेवता, असे दोन्ही डाव खेळले, की आम्हां संगणकवाल्यांना जे शिकायला बरीच वर्षे लागली, ते मुलांना एका तासात उमगेल.