जमिनीखालचे जंगल

वावराच्या मधोमध झाड असावे की नसावे? आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचाराल तर बहुधा उत्तर येईल, बांधावर असू दे, वावरात नको. सावलीत पीक दबते, मुळे ओल ओढतात, पाखरे बसतात, औत फिरवताना अडचण होते. ही कारणे खोटी नाहीत. तरीही पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात गेल्या चाळीस वर्षांत शेतकऱ्यांनी पिकांमध्ये कोट्यवधी झाडे राखली, आणि त्यांतली बहुतेक कुणी लावलेलीच नाहीत. वनशेतीच्या इतिहासातले हे प्रकरण शिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे, कारण त्यात वनस्पतिशास्त्राइतकाच कायद्याचाही भाग आहे.

नायजर म्हणजे नायजेरिया नव्हे. नायजेरियाच्या उत्तरेचा हा देश. त्याचा मोठा भाग सहारा वाळवंटात मोडतो. दक्षिणेकडच्या अरुंद पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. या पट्ट्याला साहेल म्हणतात. पिके आपल्या ओळखीची आहेत: बाजरी, ज्वारी, चवळी. ओळखीची असणारच, कारण आपली बाजरी मूळची साहेलमधलीच. चारेक हजार वर्षांपूर्वी ती तिथून भारतात आली.

या बाजरीच्या शेतात पूर्वापार एक झाड उभे असे. हौसा भाषेत त्याला गाओ म्हणतात, शास्त्रीय नाव फायडर्बिया अल्बिडा. बाभळीच्या गोत्रातले हे झाड मोठे विक्षिप्त आहे. पावसाळा सुरू झाला की ते पाने गाळते आणि सगळे रान वाळले की हिरवेगार होते! म्हणजे बाजरी वाढते तेव्हा तिच्यावर सावली नाही, पीक निघाल्यावर मात्र गुरांना सावली, पाला आणि शेंगा. सावलीला बसलेल्या गुरांचे शेण तिथेच पडते. गळलेला पाला कुजतो, मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतले नत्र बांधतात, आणि सोटमूळ इतके खोल जाते की वरच्या थरातल्या ओलीसाठी बाजरीशी भांडण फारसे होत नाही. सेनेगलमधील बांबे (आपली मुंबई नव्हे, तिथले गाव) येथील संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी मोजमापे घेतली. गाओखालची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. झाडामुळे जमीन सुपीक झाली की सुपीक जागीच झाड रुजले, हा वाद पुढे काही संशोधकांनी काढला. तो अगदीच निकाली निघालेला नाही, पण शेतकऱ्याच्या व्यवहारात त्याने फरक पडत नाही. झिंदेर भागात तर १९ व्या शतकातल्या सुलतानाने गाओ तोडणाऱ्याला देहदंड ठरवला होता, असे अजून सांगतात.

मग ही झाडे गेली कुठे? फ्रेंच वसाहतीच्या काळात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पहिली शेतीतली. भुईमूग हे निर्यातीचे पीक झाले, आणि बैलाच्या नांगराने सरळ ओळीत कसलेले, खुंट काढून साफ केलेले शेत म्हणजे सुधारलेले शेत, अशी शिकवण आली. दुसरी कायद्यातली. १९३५ साली फ्रेंच पश्चिम आफ्रिकेसाठी वनांविषयीचा हुकूम निघाला. उपयोगी जातींची झाडे परवान्याशिवाय तोडण्याला बंदी झाली. उद्देश झाडे वाचवण्याचाच होता. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाल्यावरही हीच चौकट चालू राहिली.

आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. शेतात एक रोप उगवले. ते वाढवले तर पाखरे, सावली, अडचण हे सगळे त्याचे. लाकडावर मात्र हुकूम सरकारचा. स्वतः राखलेल्या झाडाची फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करणार. शहाणा शेतकरी काय करील? रोप झाड म्हणून नजरेत भरण्याआधीच खुरपणीत काढून टाकील. झाडांच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाने झाडे अंकुरातच संपवली.

त्यात दुष्काळ आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७३ पर्यंतच्या अवर्षणात साहेलमधली गुरे आणि माणसे मोठ्या संख्येने मेली. उघड्या शेतांवर पेरणीच्या दिवसांत वाळूचे वारे वाहत, बाजरीचे कोंब गाडले जात आणि पुन्हापुन्हा पेरावे लागे. वाळवंट पुढे सरकते आहे अशी हाकाटी जगभर झाली. परदेशी मदतीतून रोपवाटिका निघाल्या, वृक्षारोपणे झाली. योगायोग असा की याच सुमारास, १९७७ मध्ये, कॅनडातील तज्ज्ञ जॉन बेने यांच्या अहवालातून ‘ॲग्रोफॉरेस्ट्री’ हा शब्द रूढ झाला आणि नैरोबीला त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांच्या जुन्या रिवाजाला शास्त्रीय नाव मिळाले, पण नायजरच्या माराडी भागात तो रिवाज तोवर मोडकळीला आला होता.

या माराडीत १९८० च्या दशकाच्या आरंभी टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन तरुण कृषितज्ज्ञ एका ख्रिस्ती मिशनच्या वृक्षलागवड प्रकल्पावर काम करत होता. दहा रोपे लावली तर आठ-नऊ मरत. वाळवी, शेळ्या, ऊन, वारा. कारणे हवी तितकी होती. १९८३ मध्ये एकदा रोपे घेऊन जाताना वाळूत गाडी नीट चालावी म्हणून तो चाकांतली हवा कमी करायला उतरला. समोर नेहमीची खुरटी झुडपे पसरली होती. त्यांतल्या एकाजवळ जाऊन त्याने पाने निरखली आणि त्याच्या लक्षात आले की हे झुडूप नाही. हे तोडलेल्या झाडाच्या खुंटावर फुटलेले धुमारे आहेत.

तोडलेल्या झाडाचा खुंट मेलेला नसतो. जमिनीखाली जुनी मुळे शाबूत असतात. त्यांत अन्नाचा साठा असतो आणि ती खालच्या ओलीपर्यंत पोहोचलेली असतात. रोपवाटिकेतले वीतभर रोप याच ओलीसाठी धडपडत मरते. माराडीतले शेतकरी दर वर्षी पेरणीआधी हे धुमारे छाटून जाळत, म्हणून ते गुडघ्यावर कधी जातच नसत. वर्गात हे दाखवायला आफ्रिकेत जावे लागत नाही. रस्त्याकडेचा तोडलेल्या कडुनिंबाचा खुंट आणि त्याच वर्षी लावलेले कडुनिंबाचे रोप, दोन्हींची उंची मुलांनी दर महिन्याला मोजून आलेख काढावा. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. माराडीतल्या अशा झुडपांपैकी एक फार सामान्य झुडूप म्हणजे कालगो. त्याचे पान मधोमध चिरलेले, जोडपान दिसते. आपल्या आपट्याचा तो जवळचा भाऊबंद.

पद्धत अगदी साधी होती. खुंटावरचे तीन ते पाच सरळ, जोमदार धुमारे ठेवायचे, बाकीचे काढायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या वरचेवर छाटायच्या. कुठला खुंट राखायचा हे शेतकऱ्याने ठरवायचे. खर्च जवळजवळ शून्य. पहिल्या वर्षी जेमतेम दहा-बारा जण तयार झाले. गावाने त्यांची चेष्टा केली, त्यांची झाडे चोरूनही नेली. १९८४ च्या दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देताना धुमारे राखण्याचे काम लावले गेले, तेव्हा हजारो शेतांत झाडे वर आली. धान्य थांबल्यावर अनेकांनी ती पुन्हा तोडली. ही गोष्ट सहसा वगळली जाते, पण मला ती महत्त्वाची वाटते. धान्यासाठी राखलेले झाड धान्याबरोबरच गेले. ज्यांना वर्षभरात सरपण, चारा आणि वाऱ्याला आडोसा मिळाल्याचे दिसले, त्यांनी मात्र राखले.

खरी गाठ सुटली ती दंडाची. माराडीतल्या वनाधिकाऱ्यांनी आपल्या शेतातले लाकूड तोडणाऱ्या शेतकऱ्याला दंड न करण्याचे मान्य केले. कायदा तसाच होता, फक्त त्याची अंमलबजावणी सैल झाली. वनकायद्यात बदल व्हायला २००४ साल उजाडले. पण फांदी विकली तर पैसा आपला, एवढी खात्री पटताच पद्धत एका गावाहून दुसऱ्या गावाला आपोआप गेली.

किती पसरली हे वीस वर्षे कुणाला धड ठाऊक नव्हते. शेतात विखुरलेली झाडे उपग्रहांच्या जुन्या ढोबळ चित्रांत उमटत नसत, आणि जंगलाच्या हिशेबात शेतातले झाड धरत नसत. लावलेली रोपे मोजणारे तक्ते सर्वत्र होते, राखलेल्या धुमाऱ्यांचा रकाना त्यांत नव्हता. २००० च्या दशकाच्या मध्याला डच भूगोलज्ञ क्रिस राय आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले ग्रे टॅपन यांनी जुन्या हवाई छायाचित्रांशी नवी छायाचित्रे ताडून पाहिली. सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर झाडे वाढली होती. संख्येचा अंदाज वीस कोटींच्या आसपास. विशेष म्हणजे दाट वस्तीच्या भागांतही झाडे कमी न होता वाढली होती. माणसे वाढली की झाडे घटतात हा आपला पाठ्यपुस्तकी समज तिथे टिकला नाही. झिंदेर भागात तर शेतांमध्ये मैलोन्‌मैल गाओच गाओ.

याने नायजरची गरिबी संपली असे नाही. २००५ मध्ये तिथे पुन्हा अन्नटंचाई आली. झाड पाऊस पाडत नाही; पीक बुडाले तर विकायला जळण देते, गुरांना पाला देते, इतकेच. शिवाय एक नवा तंटाही उभा राहिला. पूर्वी पीक निघाले की शेत सर्वांना मोकळे असे आणि फुलानी गुराखी कोरड्या ऋतूत गाओच्या फांद्या छाटून गुरांना घालत. आता झाडाला मालक आला आहे. गाओ हिरवा असतो त्याच दिवसांत, म्हणजे दुसरीकडे कुठेच चारा नसतो तेव्हा, शेतकरी आणि गुराखी त्याच्या बुंध्याशी भांडतात, आणि ते भांडण गावच्या मुखियापुढे जाते.