लाटेसाठी थांबायचं कुठे?

१७७७ साली कॅप्टन कुकची जहाजं ताहिती बेटावर मातावाईच्या खाडीत नांगरलेली होती. जहाजावरचा सर्जन विल्यम अँडरसन किनाऱ्यावर फिरत असताना त्याला एक माणूस दिसला. छोट्याशा होडीत बसून जिवाच्या आकांताने वल्हवतोय आणि सारखा इकडेतिकडे बघतोय. साहेबाला पहिली शंका काय यावी? की ह्याने जहाजावरून काहीतरी चोरलंय आणि कोणीतरी मागे लागलंय! थोडा वेळ बघितल्यावर कळलं की गडी लाटांशी खेळतोय.

ही नोंद १७८४ मध्ये कुकच्या नावावर छापली गेली, पण अभ्यासक ती अँडरसनची मानतात. त्या माणसाला झालेल्या आनंदाचं वर्णन त्यात आहे, म्हणून ती प्रसिद्ध. मला त्यातला दुसराच भाग आवडतो. अँडरसनने चक्क कृती लिहून ठेवली आहे. लाट जिथे उठायला लागते तिथपर्यंत तो जातो. तिची पहिली हालचाल नीट बघतो. मग तिच्या पुढे जोरात वल्हवत सुटतो, आणि लाट खालून निसटून न जाता होडीला ढकलायला लागली की हात थांबवून गप्प बसतो. आजच्या नवशिक्याला शिकवतानाही यात फारशी भर घालावी लागणार नाही.

'खालून निसटून न जाता' हे महत्त्वाचं. थोडं गणित करूया (सवय, दुसरं काय!). उथळ पाण्यात लाटेचा वेग मुख्यतः खोलीवर ठरतो. २ मीटर खोलीला तो ताशी साधारण १६ किलोमीटर येतो. बोर्डवर पालथं पडून हाताने पाणी मारणारा माणूस जेमतेम ५-६ ने जातो. म्हणजे नुसत्या दंडाच्या जोरावर हे जमणारच नाही. उरलेला वेग लाटेच्या उतारावरून घसरत मिळवायचा. पण पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. जरा जास्त बाहेर थांबलात तर उतारच नाही, जरा जास्त आत थांबलात तर लाट डोक्यावर. मधली पट्टी काही मीटरांचीच, आणि ती नेमकी कुठे पडते हे बऱ्याच अंशी हातातल्या बोर्डावर ठरतं.

हे हवाईच्या लोकांना केव्हाच माहीत होतं. त्यांच्याकडे सरदारांचा 'ओलो' होता, साधारण १६ फुटांचा, पाण्यावर सुसाट जाणारा. तो घेऊन बराच बाहेर थांबायचं आणि न फुटलेली लाट धरायची. बाकीच्यांचा 'अलाया' आखूड आणि पातळ. तो घेऊन लाट जिथे उभी राहते तिथेच जावं लागायचं. केआलाकेकुआच्या खाडीत १७७९ मध्ये हे बघणाऱ्या लेफ्टनंट किंगने लिहिलंय की दर तिसरी लाट मोठी असते. ते खरं नाही. लाटा घोळक्याने येतात हे बरोबर, पण आकडा ठरलेला नसतो.

पुढे जे झालं ते वाईट आहे. बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईची माणसं पटापट गेली. कुकच्या वेळी काही लाख असावीत, १८९० च्या जनगणनेत मूळ हवाईयन ४० हजारांच्या आसपास उरले. माणसंच गेली, मग कुठल्या भरतीला कुठे थांबायचं हे सांगणार कोण? ते काही कुठे लिहिलेलं नव्हतं.

१९०७ मध्ये जॅक लंडन वाइकिकीला शिकायला उतरला तेव्हा उथळ पाण्यात तिथली चिल्लीपिल्ली खेळत होती. लाट आली की पोरं तिच्यावर स्वार होऊन किनाऱ्याला, आणि हे महाशय तिथेच! मग अलेक्झांडर ह्यूम फोर्डने त्याच्या हातातला बोर्ड टाकायला लावून स्वतःचा मोठा बोर्ड दिला, योग्य लाटेची वाट बघितली आणि वेळ साधून ढकलून दिलं. जमलं. त्या लेखाने सर्फिंग जगभर पोचलं. श्रेय फोर्डला मिळालं. त्या पोरांची नावं लंडनने दिली नाहीत, आणि मला वाटतं खरी शिकवणी तर तिथेच चालली होती.

टॉम ब्लेकने १९२०च्या दशकात होनोलुलूच्या बिशप म्युझियममधले जुने ओलो अभ्यासून तसे पोकळ, हलके बोर्ड बनवले आणि लोक पुन्हा बाहेर थांबायला लागले. १९६७-६८ नंतर बोर्ड झपाट्याने आखूड झाले तसे सगळे परत आत आले, लाट पहिल्यांदा फुटते त्या एकाच टोकाशी. स्लिपमधले सगळे फिल्डर एका जागी उभे केल्यासारखं! आजची भांडणं बरीचशी त्या टोकाची आहेत. शिकाऊ माणसाने आखूड बोर्ड घेऊन तिथे जाऊ नये, लांब बोर्ड घ्यावा आणि गर्दीपासून बाजूला थांबावं.

बरं, जागा सापडली तरी ती टिकत नाही, कारण प्रवाह नकळत बाजूला नेत असतो. त्यावर तोडगा जमिनीवरचा. जवळचं झाड आणि मागची डोंगराची कड एका रेषेत आणायची, दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी शोधायची. दोन रेषा छेदतात तिथे तुम्ही. झाड कडेपासून सरकलं की समजायचं आपण सरकलोय, आणि पुढची लाट यायच्या आत हात मारून परत यायचं.