दर्या आणि दऱ्या : एका दुरुस्तीचा इतिहास

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलो, की थोड्याच वेळात कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसू लागतो. 'कर्नाळा किल्ला' हे शब्द मुले वहीत सहज लिहितात. संगणकाच्या पडद्यावर मात्र ते नीट उमटावेत म्हणून बरीच वर्षे खटपट करावी लागली. असे का झाले, ते पाहू.

पडद्यावर चित्र काढणे, आवाज ऐकवणे ही कामे विंडोज, लिनक्स, मॅकिंटॉश या प्रणालींत वेगवेगळ्या रीतीने होतात. प्रत्येकीसाठी प्रोग्राम नव्याने लिहावा लागू नये, म्हणून १९९८ मध्ये सॅम लँटिंगा यांनी एसडीएल ही 'लायब्ररी' तयार केली. लायब्ररी म्हणजे कोणालाही वापरता येणाऱ्या तयार आज्ञावलींचा संच. मुलांसाठी २००२ मध्ये आलेला 'टक्स पेंट' हा चित्रकलेचा प्रोग्राम एसडीएलवरच उभा राहिला.

अक्षरे उमटवण्याचे काम एसडीएलच्या जोडीची एक छोटी लायब्ररी करते. तिची मूळ रीत सोपी होती : एका चिन्हाची आकृती ठेवायची, तिच्या उजवीकडे पुढची. रोमन लिपीला एवढे पुरते. पण संगणकाच्या स्मृतीत 'कि' म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. त्यामुळे पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन पडे. 'र्ना' मधला रफार न च्या डोक्यावर चढण्याऐवजी पाय मोडलेला र सुटाच राही.

ही चूक, म्हणजे 'बग', एका प्रोग्रामची नव्हती. पायातच असल्यामुळे ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये उतरे. टक्स पेंटने पँगो नावाची वेगळी लायब्ररी जोडून आपल्यापुरती वाट काढली. पायातली दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. त्या वर्षीच्या आवृत्तीत अक्षरांची जुळणी करणारी 'हार्फबझ' ही लायब्ररी जोडण्याची सोय आली.

मग हार्फबझमधल्या चुका कशा शोधल्या? तिच्या कर्त्यांनी विकिपीडियातून शब्दांच्या लांबलचक याद्या घेतल्या आणि आपले उत्तर मायक्रोसॉफ्टच्या जुळणी-यंत्रणेशी ताडून पाहिले. ही पद्धत उत्तम. पण दोन यंत्रांचे एकमत झाले म्हणजे उत्तर बरोबरच, असे नव्हे. शेवटी भाषा जाणणारा डोळा लागतोच.

मराठीतच पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्यात रफार, दुसऱ्यात य ला डावीकडून चिकटलेली छोटी वक्र रेघ. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात ही रेघ 'ऱ' आणि हलन्त चिन्ह यांनी लिहायची होती. १९९६ च्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत तिच्यासाठी साधा र, हलन्त चिन्ह आणि न दिसणारे एक जोडचिन्ह अशी रीत होती. पुढे दोन्ही मान्य झाल्या. म्हणून लायब्ररीला दोन्हींसाठी एकच आकृती काढावी लागते.

गंमत अशी, की दिसण्यातली चूक सुटली तरी एक अडचण उरते. दिसायला एकच असलेला शब्द आतून दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. शोधणाऱ्या प्रोग्रामने हे मुद्दाम लक्षात घेतले नसेल, तर एका रीतीने टंकलेला 'दऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही.

पडद्यावर चुकीचे अक्षर दिसले, की आपण बहुधा शब्दच बदलतो. तसे करू नये. चूक कळवावी आणि प्रयोगवहीत लिहितो तशी नेमकी कळवावी : कोणता शब्द, कोणती प्रणाली, कोणता फॉन्ट, काय दिसले, काय दिसायला हवे होते. सोबत पडद्याचे चित्र जोडावे. दुसऱ्याला तीच चूक पुन्हा घडवून पाहता आली, तरच ती दुरुस्त होते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक परदेशातल्या प्रोग्रामरला कसा कळावा? तो आपणच सांगायला हवा.