डम्पमधले आकडे आणि त्यांचे माप

संगणकावर चालणारा प्रोग्राम अचानक बंद पडला, तर त्या क्षणी त्याच्या मेमरीत आणि प्रोसेसरच्या रजिस्टरांत जे काही होते त्याची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची पद्धत जुनी आहे, आणि अशा नकलेला ‘कोअर डम्प’ किंवा नुसते ‘डम्प’ म्हणतात. तोच दोष पुन्हा घडवून दाखवता येईल याची खात्री नसल्यामुळे अपघातस्थळाच्या पंचनाम्याला जे महत्त्व असते तेच येथे डम्पला येते, आणि डीबगर, म्हणजे दोषाचा माग काढणारे साधन, पुष्कळदा केवळ या फाइलच्या आधारे प्रोग्राम कोठे व कसा पडला हे ठरवते. तथापि आकड्यांची नक्कल हाती असणे आणि त्या आकड्यांचा अर्थ लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या दफ्तरातील एखाद्या कागदावर धान्याच्या अमुक खंड्या आल्याची नोंद सापडली, तरी ती खंडी कोणत्या प्रांताच्या मापाची हे कळल्यावाचून अभ्यासकाला त्या नोंदीचा उपयोग होत नाही. डम्पमधील आकड्यांचे मापही तसेच प्रोसेसरगणिक बदलते, आणि ते माप कोठे लिहून ठेवायचे या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत जी उत्तरे मिळाली, त्यांतून या पद्धतीचा इतिहास घडला आहे.

‘कोअर’ हा शब्द लोहचुंबकीय कड्यांपासून आला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या व्हर्लविंड संगणकाला १९५३ मध्ये फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली मेमरी बसवण्यात आली, ज्यात प्रत्येक कडे एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक, धरून ठेवत असे. अशी मेमरी पुढे सुमारे वीस वर्षे सर्वत्र रूढ राहिली, आणि तिच्यातील मजकूर अष्टमान किंवा षोडशमान अंकांत कागदावर छापून काढणे म्हणजे ‘कोअर’ रिकामा करणे, या अर्थाने हा शब्द वापरला जाऊ लागला. कड्यांची मेमरी कालबाह्य झाल्यानंतरही शब्द तसाच टिकला. त्या काळात डम्पचे माप लिहून ठेवण्याची निकड कोणाला भासत नव्हती, कारण कागदाची थप्पी वाचणारा प्रोग्रामर ज्या यंत्राची ती थप्पी होती त्याच्याच जवळ बसत असे आणि त्या यंत्राची रचना त्याला पाठ असे.

या परिस्थितीत पहिला फरक पडला तो आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मालिकेमुळे. एकाच आज्ञासंचावर चालणारी, परंतु आतून निरनिराळ्या बांधणीची अनेक मॉडेल्स ही या मालिकेची मूळ कल्पना होती. त्यामुळे एका मॉडेलसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालू शकत असला, तरी यंत्रात बिघाड झाल्यावर प्रोसेसर आपली अंतर्गत स्थिती मेमरीत जेथे लिहून ठेवी, त्या १२८ या पत्त्यापासून सुरू होणाऱ्या जागेची लांबी मात्र मॉडेलनुसार बदलत असे. १९७० मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३७० मालिकेत यावर उपाय म्हणून प्रोसेसरने स्वतःची ओळख मेमरीत लिहावी अशी एक स्वतंत्र आज्ञा होती. त्या आज्ञेने आठ बाइट लिहिले जात, ज्यांत आवृत्तीचा संकेत, त्या विशिष्ट यंत्राचा क्रमांक आणि मॉडेलचा क्रमांक यांच्या जोडीने, बिघाडाची विस्तारित नोंद जास्तीत जास्त किती बाइटांची असू शकेल हा आकडाही येई. यंत्र कोणते, आणि त्याने लिहिलेला मजकूर किती लांबीचा, ही दोन उत्तरे एकत्र देण्याची गरज अशा रीतीने त्या काळीच ओळखली गेली होती.

याच सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीने डम्पला वेगळे रूप दिले, कारण येथे छापील कागदाऐवजी चालू डिरेक्टरीत ‘कोअर’ याच नावाची एक फाइल तयार होत असे. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये या फाइलचे वर्णन आहे, आणि त्यानुसार तिची लांबी नेमकी ८१९२ अधिक ६४ बाइट होती. यांतील ८१९२ बाइट म्हणजे पीडीपी-११ यंत्रावर प्रोग्रामच्या वाट्याला आलेली संपूर्ण मेमरी, आणि उरलेले ६४ बाइट म्हणजे कार्यप्रणालीने त्या प्रोग्रामविषयी ठेवलेली माहिती. रजिस्टरांचे आकडे मेमरीच्या नकलेतच एका ठिकाणी ओळीने रचलेले असत आणि त्यांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असे. त्या क्रमातील पहिली तीन नावे मूळ प्रोसेसरची नव्हती, तर गुणाकार-भागाकारासाठी वेगळ्या घ्याव्या लागणाऱ्या अंकगणित जोडयंत्राची होती. म्हणजे ज्याला आज प्रोसेसरचे ‘वैशिष्ट्य’ म्हणतात, एखाद्या यंत्रात असलेली आणि दुसऱ्यात नसू शकणारी अशी सोय, ती युनिक्सच्या अगदी पहिल्या कोअर फाइलमध्येही शिरलेली होती. मात्र ती तेथे आहे, हे फाइल सांगत नसे. ते मॅन्युअल सांगे.

जोडयंत्रांचा हा प्रश्न पुढे इंटेलच्या एक्स८६ घराण्यात पुन्हा उभा राहिला. दशांश अपूर्णांकांची गणिते करणारी ८०८७ ही सोबतीची चिप १९८० मध्ये आली, आणि तिची आठ रजिस्टरे प्रत्येकी ८० बिटांची होती. त्यापुढच्या काळात एकाच आज्ञेने अनेक आकड्यांवर क्रिया करणारी, म्हणजे व्हेक्टर पद्धतीची, रजिस्टरे वाढत गेली, त्यामुळे ३२-बिटी यंत्रावर १०८ बाइटांत मावणारी गणिती स्थिती १९९० च्या दशकाच्या अखेरीस ५१२ बाइटांच्या नव्या साच्यात साठवली जाऊ लागली. कोणत्या प्रोसेसरमध्ये कोणती सोय आहे हे ओळखण्यासाठी प्रोग्रामांना आधी आडवाटेने चाचण्या घ्याव्या लागत. १९९३ च्या पेंटियमपासून ‘सीपीयूआयडी’ ही आज्ञा रूढ झाली आणि प्रोसेसरला थेट विचारणे शक्य झाले. या आज्ञेच्या पहिल्या उत्तरात ‘जेन्युइन इंटेल’ किंवा ‘ऑथेंटिक एएमडी’ असा बारा रोमन अक्षरांचा शिक्का मिळतो, आणि पुढच्या उत्तरांत प्रत्येक सोयीसाठी एकेक बिट असतो.

ही उत्तरे डम्पमध्येच नोंदवावीत ही कल्पना मायक्रोसॉफ्टच्या ‘मिनिडम्प’ या फाइलप्रकारात स्पष्टपणे उतरली. विंडोज एक्सपीच्या काळात, म्हणजे २००१ च्या सुमारास रूढ झालेला हा प्रकार मुळातच दूरच्या वाचकासाठी आखलेला होता, कारण ग्राहकाच्या घरी पडलेल्या प्रोग्रामचा छोटासा डम्प इंटरनेटवरून कंपनीकडे जावा आणि तेथील अभियंत्याने तो वाचावा अशी त्यामागची योजना होती. वाचणारा आणि यंत्र यांची कधी गाठच पडणार नसल्यामुळे यंत्राची ओळख फाइलसोबत पाठवणे भाग होते. म्हणून या फाइलच्या प्रणालीविषयक विभागात ३२-बिटी एक्स८६ प्रोसेसरसाठी निर्मात्याचा बारा अक्षरांचा शिक्का, आवृत्ती, सोयींचे बिट आणि एएमडीच्या वाढीव सोयींचे बिट यांना नेमून दिलेली घरे आहेत, तर इतर प्रोसेसरांसाठी ६४ बिटांची दोन घरे आहेत. पुढच्या आवृत्त्यांत आणखी एक तक्ता जोडला गेला, ज्यात रजिस्टरांच्या प्रत्येक गटाचे नकलेतील स्थान आणि त्याची लांबी लिहिलेली असते.

लिनक्समध्ये ही वाटचाल निराळ्या क्रमाने झाली. युनिक्स सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीतून आलेल्या ‘ईएलएफ’ या फाइलप्रकारात कोअर फाइलच्या आत ‘नोट’ नावाच्या छोट्या नोंदी ठेवण्याची सोय आहे. प्रत्येक नोंदीला प्रकार व लांबी असते आणि अनोळखी प्रकारची नोंद वाचकाने सोडून दिली तरी चालते, त्यामुळे जुन्या फाइलींना धक्का न लावता नव्या नोंदी वाढवता येतात. दरम्यान इंटेलने ‘एक्ससेव्ह’ या आज्ञेद्वारे सर्व वाढीव रजिस्टरे एकाच लांबत जाणाऱ्या पट्ट्यात साठवण्याची पद्धत आणली होती, ज्यात सुरुवातीचे ५१२ बाइट जुन्या साच्याचे, पुढचे ६४ बाइट शीर्षकाचे आणि ५७६ व्या बाइटपासून नवे गट अशी रचना असे. २०१० मध्ये लिनक्सने हा पट्टा कोअर फाइलमध्ये स्वतंत्र नोंद म्हणून घेतला आणि कोणते गट चालू आहेत हे दाखवणारे बिट पट्ट्यातीलच राखीव जागेत, ४६४ व्या बाइटपासून, लिहून ठेवले. पट्ट्यात काय आहे हे यामुळे कळत असे. ते कोठे आहे हे कळत नसे.

ही उणीव काही वर्षे झाकलेली राहिली, कारण जीडीबी या प्रचलित डीबगरमध्ये इंटेलच्या प्रोसेसरांवरील अंतरे थेट प्रोग्रामातच लिहिलेली होती आणि बहुतेक डम्प त्यांच्याशी जुळत. २०२२ मध्ये एएमडीने झेन ४ या पिढीत ५१२ बिटांची रजिस्टरे आणली तेव्हा मात्र फरक उघड झाला. इंटेलच्या पट्ट्यात ८३२ ते १०८७ या बाइटांमध्ये जी जागा इतर सोयींसाठी सोडलेली होती ती एएमडीला सोडण्याचे कारण नव्हते, म्हणून तिच्या प्रोसेसरांवर पुढचे सर्व गट २५६ बाइट अलीकडे सरकले आणि पट्ट्याची एकूण लांबी इंटेलच्या २६९६ बाइटांऐवजी २४४० बाइट झाली.

या सरकण्याचा परिणाम एका रजिस्टरवरून समजून घेता येतो. ‘झेडएमएम ०’ हे ६४ बाइटांचे रजिस्टर पट्ट्यात सलग ठेवलेले नसते. त्याचे पहिले १६ बाइट जुन्या साच्यात, पुढचे १६ बाइट ५७६ पासून सुरू होणाऱ्या गटात आणि वरचे ३२ बाइट आणखी पुढच्या गटात असतात. हा शेवटचा गट इंटेलवर ११५२ व्या बाइटपासून आणि झेन ४ वर ८९६ व्या बाइटपासून सुरू होतो. एएमडीचा डम्प इंटेलच्या अंतरांनी वाचला, तर ११५२ व्या बाइटवर ‘झेडएमएम ८’ चा वरचा भाग हाती येतो आणि तो ‘झेडएमएम ०’ चा म्हणून दाखवला जातो. कोणत्या आकड्यांवर क्रिया करायची हे ठरवणाऱ्या मास्क रजिस्टरांच्या जागी तर ‘झेडएमएम ६’ आणि ‘झेडएमएम ७’ यांचे तुकडे वाचले जातात. खालचा अर्धा भाग बरोबर आणि वरचा अर्धा भाग दुसऱ्याच रजिस्टरचा, असा हा आकडा दिसायला इतर आकड्यांसारखाच असतो, आणि त्यावर विसंबलेला प्रोग्रामर दोष नसलेल्या जागी दोष शोधत बसतो.

डीबगरने आपल्या स्वतःच्या प्रोसेसरला सीपीयूआयडीने विचारावे, हा उपाय चालू प्रोग्रामपुरताच उपयोगी आहे, कारण तेथे प्रोग्राम आणि डीबगर एकाच यंत्रावर असतात. दुसऱ्या यंत्रावरून आलेल्या डम्पविषयी स्थानिक प्रोसेसरची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. म्हणून २०२३ च्या जीडीबी १४ मध्ये आधी अनुमानाचा मार्ग घेण्यात आला, ज्यात चालू गटांचे बिट आणि पट्ट्याची लांबी एकत्र पाहून, २६९६ असल्यास इंटेलची मांडणी आणि २४४० असल्यास एएमडीची, असा निर्णय केला जातो. जुन्या फाइलींसाठी याहून चांगला मार्ग नाही, पण माहीत नसलेली लांबी समोर आली की हे अनुमान थांबते. नव्या फाइलींसाठी सीपीयूआयडीची कच्ची उत्तरे जशीच्या तशी नोंदवावीत, की त्यांतून निघणारी मांडणी तेवढी नोंदवावी, असे दोन पर्याय होते. कच्ची उत्तरे अधिक माहिती देतात, परंतु त्यांचा अर्थ लावण्याचे काम वाचकावर पडते. तयार मांडणी थोडकीच असली तरी तिच्याविषयी मतभेदाला जागा उरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये एएमडीच्या अभियंत्यांच्या पुढाकाराने जी नवी नोंद समाविष्ट झाली ती दुसऱ्या प्रकारची आहे. तीत रजिस्टरांच्या प्रत्येक गटासाठी प्रकार, लांबी, अंतर आणि खुणेचे बिट अशी चार घरे असून प्रत्येक घर चार बाइटांचे, म्हणजे एका गटामागे केवळ १६ बाइटांची ही नोंद आहे.

आर्म प्रोसेसरांच्या बाबतीत हा धडा आधीच गिरवला गेला होता. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या एसव्हीई या सोयीत व्हेक्टर रजिस्टरची लांबी १२८ पासून २०४८ बिटांपर्यंत निरनिराळी असू शकते आणि लिनक्सवर ती एकाच प्रोग्रामच्या दोन धाग्यांतही (थ्रेड) वेगळी असू शकते. त्यामुळे येथे ठरीव अंतरे गृहीत धरण्याचा मोह होण्यालाच वाव नव्हता, आणि कोअर फाइलमधील तिच्या नोंदीला प्रारंभापासूनच लांबी सांगणारे शीर्षक जोडलेले आहे. जेथे माप उघडपणे बदलते तेथे ते लिहिण्याची आठवण राहते. एक्स८६ वर ते बराच काळ बदललेले दिसले नाही, म्हणून लिहायचे राहून गेले.

इंटेलने २०२३ च्या सर्व्हर प्रोसेसरांत मॅट्रिक्सच्या गणितासाठी आणलेल्या आठ ‘टाइल’ रजिस्टरांचा गट एकटाच ८१९२ बाइटांचा आहे, म्हणजे १९७१ च्या कोअर फाइलमध्ये संपूर्ण प्रोग्रामची मेमरी जेवढी होती तेवढाच. त्या वेळी अकरा रजिस्टरांचा क्रम सांगायला मॅन्युअलचे एक पान पुरत असे आणि ते पान यंत्राशेजारीच असे. आता डम्प एका खंडात तयार होतो आणि दुसऱ्या खंडात वाचला जातो, म्हणून त्या पानाचे काम १६ बाइटांच्या ओळींनी घेतले आहे आणि त्या ओळी आकड्यांबरोबर एकाच फाइलमधून प्रवास करतात.