खतावणीपासून कोअर बँकिंगपर्यंत : बँकेतील सॉफ्टवेअर अभियंत्याचा इतिहास

१/ १४ एप्रिल १९४४. खानदेशातील चिमठाणे गावाजवळ सरकारी खजिना नेणारी मोटार अडवण्यात आली. सुमारे साडेपाच लाख रुपये प्रतिसरकारच्या हाती आले. मोहिमेचे नेतृत्व कुंडलच्या जी. डी. बापू लाड यांच्याकडे होते. त्या काळी पैसा ही वस्तू होती. तिला वजन होते आणि तिचा रस्ताही ठाऊक असे.

२/ आज कुंडलमधील कुटुंबाची ठेव म्हणजे दूरच्या संगणकातील एक नोंद. ती नोंद चुकू नये यासाठी मोठ्या बँकांत हजारो सॉफ्टवेअर अभियंते राबतात. हा पेशा नवा वाटतो. त्याची मुळे मात्र शाखेतल्या जाड खतावणीत आहेत. हा धागा त्याविषयी.

३/ पूर्वी प्रत्येक शाखेची खतावणी स्वतंत्र असे. एका शाखेने दुसरीवर ड्राफ्ट काढला की त्याची सूचना टपालाने जाई. दोन्हीकडच्या नोंदी जुळेपर्यंत रक्कम अधांतरी राही. या कामाला आंतरशाखीय ताळमेळ म्हणत. बँकेच्या संगणकीकरणाची पहिली गरज येथून निर्माण झाली.

४/ १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. तिच्या आरंभीच्या कामांत सेंट्रल बँकेचा आंतरशाखीय ताळमेळ होता. म्हणजे बँकेसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या या आरंभीच्या पिढीतले लोक बँकेचे नोकर नव्हते. बाहेरच्या कंपनीकडून काम करून घेण्याची प्रथा इतकी जुनी आहे.

५/ १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा आठ हजारांच्या आसपास होत्या. १९९० च्या सुमारास त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. बँक खेड्यात पोहोचली आणि हाताने ताळमेळ घालणे आवाक्याबाहेर गेले.

६/ तरीही यंत्र सहज आले नाही. बँकेतील कारकुनी ही ग्रामीण सुशिक्षित तरुणाची हक्काची, पगारी वाट होती. यंत्र ती वाट बंद करील ही भीती निराधार नव्हती. म्हणून १९८३ साली बँका व कर्मचारी संघटना यांच्यात करार होऊन मर्यादित यंत्रांनाच वाट मिळाली. भारतीय बँकेत संगणक वाटाघाटी करून आला.

७/ १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला, १९८९ मध्ये दुसरा. दरम्यान १९८६ मध्ये मुंबईत चुंबकीय शाईच्या अक्षरांवरून धनादेश यंत्राने वाचणे सुरू झाले. धनादेशाच्या तळाची ती विचित्र अंकांची ओळ त्याच काळाची खूण आहे.

८/ याच दशकात सिटीकॉर्पने अंधेरीच्या सीप्झमध्ये स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली. परदेशी बँकेचे काम मुंबईतले अभियंते करू लागले. त्या परंपरेतून आय-फ्लेक्स आणि तिची ‘फ्लेक्सक्यूब’ ही प्रणाली उभी राहिली. २००५ मध्ये ओरॅकलने तिच्यातील मोठा हिस्सा घेतला.

९/ २००० नंतर कोअर बँकिंग आले. सर्व शाखांच्या खतावण्या एका केंद्रीय प्रणालीत गेल्या. खातेदार शाखेचा न राहता बँकेचा झाला. जुनी शिस्त मात्र टिकली. कारकुनाने नोंद करावी, अधिकाऱ्याने तपासून सही करावी, हा नियम आज दोन स्वतंत्र लॉगिनच्या रूपात जिवंत आहे. नावे पडले पण जमा झाले नाही, तर व्यवहार पूर्ण मानायचा नाही, हा द्विनोंदी हिशेबाचा दंडक आता संगणकाच्या आज्ञावलीत आहे.

१०/ मग घड्याळ बदलले. २०१० मध्ये आयएमपीएस आणि ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय आले. शाखेचे शटर पडल्यावर शांतपणे मेळ घालणारी संध्याकाळ संपली. व्यवहार अहोरात्र चालतात, म्हणून अभियंत्याच्या पाळ्याही रात्रीच्या झाल्या.

११/ कुंडलच्या दृष्टीने यात एक फरक महत्त्वाचा आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळील माळावर कारखाना उभारला. त्या ठिकाणाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. तेव्हा यंत्रयुग गावाच्या वेशीपर्यंत आले होते. बँकेचे संगणकयुग आले ते फक्त ग्राहकाच्या दारात. त्यातली नोकरी मिळवायची तर पुणे, मुंबई, बंगळुरू गाठावे लागते.

१२/ दुसरा फरक जबाबदारीचा. चुकीची नोंद दाखवून जाब विचारावा असा कारकून पूर्वी काउंटरपलीकडे बसलेला असे. आज शाखेतील कर्मचारी ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच सांगू शकतो. चूक नेमकी कोठे झाली हे ज्याला कळते, त्या अभियंत्याला खातेदार कधी भेटत नाही.

१३/ १९८३ च्या वाटाघाटींचा मुख्य प्रश्न रोजगाराचा होता. आजचा प्रश्न उत्तरदायित्वाचा आहे. खतावणीचे ज्ञान शाखेतून उठून गेले. त्याबरोबर उत्तर देण्याचे कर्तव्यही कोणाकडे तरी गेलेच पाहिजे. कुंडल-पलूस परिसरातून या नोकरीत शिरणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे की आपण आज्ञावली लिहितो, तेव्हा कोणाच्या तरी आयुष्यभराच्या कमाईची खतावणी लिहितो.