उबेत गोठणारे औषध

भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जो पारदर्शक थर धरतो, तो हायड्रोजेलच: लांब रेणूंचे जाळे आणि त्यात अडकलेले पुष्कळ पाणी. स्तनाच्या कर्करोगात असे जेल सुईने टोचावे, ही कल्पना एका जुन्या दुखण्यातून आली. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध शिरेतून दिले की गाठीपर्यंत त्याचा थोडाच अंश पोहोचतो. बाकीचे सर्वांगात फिरते, केस गळतात, आणि एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू दुबळा होतो.

तूप थंडीत थिजते, पोलोक्झॅमर ४०७ हा लांब रेणूंचा पदार्थ उबेत. त्याचे सुमारे २० टक्क्यांचे द्रावण फ्रिजमधून काढल्यावर सिरिंजमध्ये सहज ओढता येते. शरीरात गेले की रेणूंचा मधला भाग पाणी झटकतो, सूक्ष्म गोलक तयार होतात आणि दाटीने रचले जातात.

गोठण्याचे काम असे सोपे आहे; खरी कसोटी औषध धरून ठेवण्याची. डॉक्सोरुबिसिनचा रेणू जाळ्याच्या छिद्रांहून लहान, म्हणून पहिल्याच दिवशी बरेचसे औषध निसटते. पोलोक्झॅमर स्वतःही काही दिवसांत ऊतींतल्या द्रवात विरून जाते. यावर चांगला तोडगा विद्युतभाराचा वाटतो: धनभारित डॉक्सोरुबिसिन अल्जिनेट या दुसऱ्या पदार्थाच्या ऋणभारित जाळ्याला चिकटून राहते आणि सावकाश सुटते.

स्तन राखून गाठ काढल्यावर रोग त्याच स्तनात उलटला, तर बहुधा मूळ जागेजवळच. त्यामुळे जेलची हक्काची जागा म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची पोकळी. पण ती ताजी जखम असते. शिरेबाहेर सांडलेले डॉक्सोरुबिसिन मांस जाळते, हे केमो देणाऱ्या परिचारिकेला पक्के ठाऊक असते. जागेवर दिले म्हणून औषध निरुपद्रवी होत नाही.

शिवाय प्राण घेतो तो पसरलेला रोग. तरी स्थानिक औषधाचा परिणाम स्तनापुरताच राहतो असेही नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे जागेपुरती भूल देणारे साधे औषध टोचले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. तिथे जेल नव्हते, पण जागा आणि वेळ नेमकी साधली होती.

मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगासाठी मायटोमायसिनचे उबेत गोठणारे जेल अमेरिकेत २०२०मध्ये मान्य झाले. स्तनासाठीचे बहुतेक प्रयोग अजून उंदरांवर आहेत, आणि उंदराची गाठ काही मिलिमीटरची असते. जेलमधून औषध झिरपते तेही तेवढेच अंतर.